सपाट रस्ता

आपल्या भाषेंत ‘सपाट’ हा शब्द फारसा सन्मानाचा नाहीं. एखाद्याचें लिखाण सपाट असतें, एखाद्याचा आवाज सपाट असतो, आणि एखादा गृहस्थ जन्मभर विशेष कांहीं न करतां निवृत्त झाला, म्हणजे त्याचें आयुष्य सपाट गेलें असें आपण, अर्थात् त्याच्या पाठीमागें, म्हणतों. मीहि हा शब्द असाच वापरीत आलों. कॉलेजांत असतांना पुण्याहून सायकलीनें निघावयाचें, कात्रजचा आणि खंबाटकीचा घाट ओलांडून वाईस मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं पसरणीच्या घाटानें पांचगणी गांठावयाची, हा माझ्या तारुण्यांतला एकमेव पराक्रम. पुणें तेव्हां सायकलींचें शहर होतें. परंतु घाट चढणारे आम्ही थोडे. हा पराक्रम मीं इतक्या वेळां सांगितला आहे कीं, ‘पसरणी’ हा शब्द निघाला म्हणजे आमच्या घरांतलीं मुलें हळूच उठून जात.

अशा माणसाला सदुसष्टाव्या वर्षीं, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, डॉक्टरांनीं सांगितलें, “सायकल चालवा, अवश्य चालवा, पण सपाटीवर. चढ आतां विसरा.” त्यांच्या दृष्टीनें ती परवानगी होती. मला ती शिक्षा वाटली. मीं सायकल कोपऱ्यांत लावून दिली आणि रुसलेल्या मुलासारखा वर्तमानपत्र वाचीत बसलों.

आमची मुलगी म्यूनिकला असते. तिनें हें सारें आईकडून ऐकलें आणि पुढच्या उन्हाळ्यांत एक बेत कळविला. जर्मनीच्या सीमेवरील पासाउ गांवापासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरापर्यंत डॅन्यूब नदीच्या कांठाकांठानें सायकलींचा मार्ग आहे. अंतर सुमारें ३२० किलोमीटर. बहुतेक वाटेवर मोटारींना मज्जाव. चढ जवळजवळ नाहींच. सामान गाडीनें पुढच्या मुक्कामीं पोंचतें. “बाबा, तुम्हीं आणि आईनें आठ दिवसांत सावकाश जावें,” असें तिनें लिहिलें होतें.

“चढच नाहीं, तर त्यांत पाहावयाचें काय?” मी म्हणालों.

सौभाग्यवतीनें मिरजेला शाळेंत असतांना सायकल सोडली ती सोडलीच. ती भाजी निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, “मी जाणार आहे. तुम्हांला यायचं असलं तर या.” आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे जवळच्या मैदानावर जाऊन, पडत-सावरत, तिनें दीड महिना सराव केला. मग मला गत्यंतर उरलें नाहीं.

पासाउला तीन नद्या मिळतात. आपल्याकडे कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम पाहिलेल्या माणसाला ह्याचें नवल वाटूं नये. पण येथें तिघींचे रंग वेगवेगळे आहेत. आल्प्स पर्वतांतून येणारी इन् हिरवट-पांढुरकी, दलदलीच्या रानांतून येणारी इल्त्स काळसर, आणि मध्यें डॅन्यूब. गांवच्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. २०१३ सालीं पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलें. इतका मोठा पूर १५०१ नंतर आला नव्हता. नदी सपाट वाहते म्हणून ती निरुपद्रवी असते, असें नव्हे, ही पहिली शिकवण मला त्या भिंतीनें दिली; मीं ती तेव्हां मनावर घेतली नाहीं.

मार्ग मात्र खरोखरच निर्वेध होता. पासाउपासून व्हिएन्नापर्यंतच्या साऱ्या अंतरांत नदी जेमतेम सव्वाशें-दीडशें मीटर उतरते, आणि वाट तिच्याबरोबर उतरते. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस झाडी किंवा मक्याचीं शेतें. भोंगा नाहीं, धूर नाहीं, मागून येणाऱ्या बसची धास्ती नाहीं. मधून मधून लहान होड्या सायकलींसह पैलतीरीं पोंचवीत. पाठीमागें लहान मुलें बांधलेल्या आया आणि माझ्याहून दहा वर्षांनीं वडील असलेलीं जोडपीं सहज पुढें निघून जात. सौभाग्यवती माझ्या पुढें असे. मागें वळून पाहण्याचें धैर्य तिला अजून नव्हतें, म्हणून ती दर दहा मिनिटांनीं मोठ्यानें विचारी, “आहांत ना?” आणि मी किंचित् त्रासून म्हणें, “आहें.”

पहिल्या दिवशीं दुपारीं श्ल्योगेन ह्या ठिकाणीं पोंचलों. तेथें कठीण खडकाच्या डोंगरानें नदीला अडविलें आहे, आणि ती जवळजवळ उलट फिरून पुढें जाते. तें वळण वरून पाहण्यासाठीं रानांतून एक पायवाट चढते. सौभाग्यवती खोलींत विश्रांति घेत होती. तिला न सांगतां मी निघालों. अर्ध्या तासाचा चढ. पसरणी चढलेल्याला त्याचें काय! मध्यावर छाती जड झाली. घाम फुटला. मी एका ओंडक्यावर बसलों, आणि उठण्याचें धाडस होईना. किती वेळ गेला कोण जाणे. तोंच खालून ती येतांना दिसली.

ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. ती शेजारीं बसली, पाण्याची बाटली पुढें केली आणि बराच वेळ कांहींच बोलली नाहीं. माझा श्वास जाग्यावर आल्यावर म्हणाली, “तुम्हांला आंत नेलं तेव्हां साडेपांच तास मी बाहेरच्या बांकावर होतें. पुढचे दहा दिवसहि. तो घाट मी एकटीनं चढलें. तुम्ही झोपेंत होतां, तुम्हांला ठाऊक नाहीं. आतां मला थोडं सपाटीवरून जाऊं द्या.”

आमच्या चाळीस वर्षांच्या संसारांत तिनें माझ्याशीं असें बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. पसरणीची हकीकत मीं शेंकडों वेळां सांगितली. तिच्या त्या घाटाची हकीकत मीं एकदांहि विचारली नव्हती. आम्ही दोघें सावकाश खालीं उतरलों. नदीचें वळण वरून पाहण्याचें राहूनच गेलें.

त्या संध्याकाळीं खाणावळीच्या भिंतीवर एक जुनें चित्र पाहिलें. घोड्यांची लांब रांग, त्यांच्या खोगिरांपासून गेलेले जाड दोर, आणि प्रवाहाविरुद्ध ओढली जाणारी मालानें भरलेली नाव. आगबोटी येण्यापूर्वीं ह्या नदींतून वर माल न्यावयाचा तो असाच. ज्या वाटेनें हे घोडे चालत, तिच्याच बऱ्याच भागावरून आज सायकली जातात. ती वाट सपाट आणि पाण्याला लागून कां, ह्याचा उलगडा मला तेव्हां झाला. ती आळशांसाठीं केलेली नव्हती. ज्यांच्या मागें ओझें होतें, त्यांच्यासाठीं ती होती.

लिंत्स शहर ओलांडल्यावर माउथहाउझेन लागतें. नदीकांठचें गांव साधें, सुंदर. पण वरच्या टेकडीवर १९३८ पासून १९४५ पर्यंत नाझींची छळछावणी होती. ही छावणी आणि तिच्या शाखा मिळून सुमारें १,९०,००० माणसें तेथें डांबलीं गेलीं. त्यांपैकीं निदान ९०,००० मेलीं. आम्ही मोटारीनें वर गेलों. खालीं ग्रॅनाइटची खाण आहे, आणि खाणींतून वर येणाऱ्या १८६ पायऱ्या. उपाशी कैद्यांना पाठीवर दगड देऊन ह्या पायऱ्या चढावयास लावीत. मीं त्या वरूनच पाहिल्या. चढ म्हणजे पुरुषार्थ, असें मी पन्नास वर्षें समजत होतों. ज्याला चढ स्वतः निवडतां येतो, त्याचाच तो पुरुषार्थ. एरवीं तो काय असूं शकतो, तें येथें दगडांत उरलेलें आहे. परत वाटेवर आल्यावर सौभाग्यवतीनें त्या दिवशीं “आहांत ना?” असें विचारलें नाहीं; मींच पुढें होऊन तिच्या शेजारून सायकल चालविली.

ह्यापुढचे दिवस कसे गेले, हें सांगण्यासारखें थोडें आहे, आणि सुख बहुधा असेंच असतें. मेल्क येथें खडकावर १०८९ पासून नांदता असलेला बेनेडिक्टाइन मठ पाहिला; आजची त्याची भव्य पिंवळी इमारत अठराव्या शतकांतली. मग वाखाउचें खोरें आलें. तेथें डोंगरउतारावर दगडी बांध घालून द्राक्षांचे मळे रचले आहेत, आणि खालीं जर्दाळूंच्या बागा. आपल्याकडे जर्दाळू म्हणजे वाळलेलें, डब्यांतलें फळ. येथें रस्त्याच्या कडेला ताजीं, रसाळ फळें विकावयास होतीं. सौभाग्यवतीनें त्यांची एक पिशवी घेतली आणि बिया रुमालांत बांधल्या. ड्युर्नश्टाइनच्या पडक्या गडाखालीं बसून आम्हीं तीं खाल्लीं. इंग्लंडचा सिंहहृदयी राजा रिचर्ड ११९२ सालीं ह्या गडावर बंदींत होता. गडावर जावयास वाट आहे. सौभाग्यवतीनें माझ्याकडे पाहिलें. मीं दुसरें जर्दाळू घेतलें.

आठव्या दिवशीं व्हिएन्ना आलें. मुलगी स्टेशनावर भेटावयास आली होती. तिनें विचारलें, “बाबा, कंटाळा नाहीं ना आला? अगदींच सपाट होतं.”

“अगदींच सपाट नव्हतें,” मी म्हणालों. अधिक कांहीं सांगणें मला जमलें नाहीं. पण सौभाग्यवती हंसली, ह्यावरून तिला तें कळलें असावें.

पुण्याला परतल्यावर आम्हीं दुसरी सायकल घेतली आहे. नदीकांठची निर्वेध वाट आमच्या नशिबीं नाहीं. म्हणून रविवारीं पहाटे, रहदारी जागी होण्यापूर्वीं, तासभर फिरून येतों. बियांपैकीं एक कुंडींत रुजली आहे. ह्या हवेंत तिला फळ धरणार नाहीं, हें दोघांनाहि ठाऊक आहे. ती पुढें असते, मी मागें. मधून मधून ती विचारते, “आहांत ना?” आणि आतां मी त्रासत नाहीं. मी म्हणतों, “आहें.”