पातीचं पाणी

वसईच्या पश्चिमेला केळीच्या बागा घराच्या ओट्यापर्यंत होत्या, तेव्हा रोज कुलूप लावायची वेळच येत नसे. दिवसा दार सताड उघडं, रात्री आतून अडसर. कुलूप बाहेर निघायचं ते सगळं घर लग्नाला नाही तर जत्रेला निघालं की. तोवर ते खाऱ्या हवेत गंजून बसलेलं असायचं. वाडीच्या फाटकावरच्या कुलपाला पावसाळ्यात दुधाची पिशवी नाही तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधायचे आणि आत खोबरेल सोडायचे. (खोबरेल खरं तर सोडू नये, धूळ धरून त्याचा चिकटा होतो. पण घरात असेल तेच तेल जायचं.) व्हायचं ते व्हायचंच. किल्ली फिरेना झाली की शेजारपाजारचा एखादा फिटर पुढे व्हायचा.

आमच्या भागात फिटरांना तोटा नव्हता. वालीव, सातिवली, गोखिवरे इथले गाळे उभे राहिले तशी आयटीआय केलेली पोरं तिथे चिकटली. आयटीआयचा फिटर म्हणजे सुरुवातीला नुसती कानस मारणारा माणूस. लोखंडाचा तुकडा शिकंजात धरायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंडामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. या कंटाळवाण्या शिक्षणातून हाताला एक समज येते. किती घासलं हे डोळ्याआधी बोटांना कळायला लागतं. पुढे कुलपाशी खेळताना तीच समज कामी यायची.

हत्यार विकत आणायचा प्रश्नच नव्हता. गाळ्यात पॉवर हॅक्सॉची पाती मोडली की तिचे तुकडे खिशातून घरी यायचे. त्या तुकड्यांतून सुरी व्हायची, पत्र्यावर रेघ मारायची रेखणी व्हायची आणि एखाद्याच्या हौसेपोटी कुलूप चाळवायची बारीक आकडीही व्हायची. छत्रीची काडी, सायकलची तार, कामातून गेलेल्या वायपरमधली स्टीलची पट्टी, सगळ्याला गिऱ्हाईक होतं. तार ऐरणीवर ठोकून चपटी करायची आणि टोकाला पकडीने काटकोन द्यायचा.

पातीला आकार देण्याचं काम मात्र घाईचं नाही. हाताच्या हॅक्सॉची साधी पाती ग्राइंडरला लावली की ठिणग्या उडतात, दोन-चार क्षणांत कड पिवळी पडते, मग तांबूस, मग निळी. निळी झाली की तिचं पाणी उतरलं. अशी आकडी पहिल्याच जोराला वाकते आणि वाकलेलीच राहते. म्हणून शेजारी पाण्याचा डबा. टेकवायची, उचलायची, बुडवायची. पॉवर हॅक्सॉची हायस्पीड स्टीलची पाती उष्णतेला फारशी दाद देत नाही, म्हणून तिला मान जास्त. आकार आला की बारीक कानशीने दातांच्या खुणा काढायच्या आणि शेवटी पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत करायच्या. हे शेवटचं काम आळशी माणूस टाळतो. खरबरीत कड आत अडकते, आणि अडकलेली आकडी काय सांगते ते बोटांना कळत नाही.

बाजारातल्या चावीवाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. कडीत ओवलेल्या कोऱ्या चाव्या, दोन-तीन कानशी आणि एक मेणबत्ती, एवढा त्याचा संसार. कोरी चावी ज्योतीवर धरून काजळायची, कुलपात घालून हळूच फिरवायची, बाहेर काढून काजळीवर उमटलेली खूण पाहायची, तिथेच कानस चालवायची. हे पुन्हा पुन्हा. पाहणाऱ्याला जादू वाटायची, पण त्यात जादू नव्हती, नजर होती. कसं करतोस विचारलं की तो हसून पाठ फिरवायचा. विद्या पोटाची होती.

आता वसईत काय, विरारच्या ग्लोबल सिटीत काय, नव्या टॉवरच्या दारांना बोटाचा ठसा घेणारी कुलपं आली. चावीवाल्याकडे यंत्र आलं. जुनी चावी एका बाजूला, कोरी दुसऱ्या बाजूला, चहा संपायच्या आत काम तयार. काजळीची गरज उरली नाही. त्याच वेळी एक नवीच जमात दिसू लागली: कुलूप उघडणं हा छंद म्हणून करणारी. जर्मनीत हॅम्बुर्गला अशा हौशी मंडळींची संघटना १९९७ साली निघाली. आपल्याकडे, वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ साली. मधे बरोबर शंभर वर्षं. कुलूप उघडण्याच्या या छंदात स्पर्धा होतात. आतलं सगळं दिसावं म्हणून पारदर्शक कुलपं मिळतात, आणि चामड्याच्या पाकिटात आकड्यांचा तयार संचही घरपोच येतो.

गंमत पुढे आहे. हे संच बहुतेक पिनांच्या कुलपांसाठी घडवलेले असतात. आपल्या फाटकांवर, शटरांवर, ट्रंकांवर पिढ्यानपिढ्या बसलेलं कुलूप लिव्हरचं. गोदरेजच्या नवताल कुलपावर सहा, सात, आठ लिव्हर असा आकडाच लिहिलेला असतो. आत तेवढ्या पट्ट्या, प्रत्येकीला एक खाच. सगळ्या आपापल्या नेमक्या उंचीवर उचलल्या की खाचा एका रेषेत येतात आणि बोल्ट सरकतो. पिनांसाठीची पातळ आकडी इथे कुचकामी. मग महागडा संच आणलेला मुलगा शेवटी सायकलची तार आणि कानस शोधत फिरतो. मला तरी हे बघून बरं वाटतं.

हत्यार घडवण्याचा हा मान जुनाच आहे. लंडनला ब्रामा या कुलूपवाल्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. ते उघडणारं हत्यार जो घडवेल त्याला दोनशे गिनी, अशी पाटी. १८५१ साली आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले.

जुनं ते सोनं म्हणायचा मोह मला इथे होत नाही. तेव्हा ही विद्या झाकून ठेवायचे. शिकू पाहणाऱ्या पोराकडे लोक संशयाने बघायचे आणि चोरही त्याच आडोशाने वावरायचा. आज आतली रचना उघड मांडली जाते, कुठलं कुलूप तकलादू ते गिऱ्हाइकाला आधीच कळतं. हे चांगलंच झालं. कमी झालं ते कानशीचं वळण. आयतं हत्यार हातात आलं की ते असं का वाकवलंय हे विचारायचं राहून जातं, आणि ते कळल्याशिवाय कुलूपही नीट कळत नाही. म्हणून नव्या मुलांना मी आधी एक पाती घासायला लावीन, मग कुलूप देईन.

एक गोष्ट तेव्हाही खरी होती, आताही आहे. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १२२व्या कलमाप्रमाणे रात्री सबळ कारणाशिवाय घरफोडीचं हत्यार जवळ सापडलं तर गुन्हा होतो, आणि कारण सिद्ध करायचं ते बाळगणाऱ्याने. तेव्हा आकड्या खिशात घालून शेवटच्या विरार लोकलने हिंडू नका. हौस घरच्या टेबलावर, स्वतःच्या आणि वापरात नसलेल्या कुलपावर करा. दाराला लागलेलं कुलूप अडकलं तर चावीवाल्याला बोलवा, आणि पैशांची घासाघीस करू नका.