अब्बांची लकडी

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी सास्तूर हादरले, तेव्हा आमच्या दगडमातीच्या भिंतीखाली अब्बांचा डावा पाय सापडला. पाय वाचला, गुडघा कायमचा अधू झाला. तरी उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला ते चालतच जायचे. वाटेत मुक्काम करत, हातात वेळूची लकडी घेऊन.

ती त्यांनी स्वतः पारखलेली. भरीव वेळू, पेरे जवळजवळ, कीड नाही. विस्तवावर शेकून सरळ केलेली, करडईचे तेल पाजलेली, खाली लोखंडी शेंबी. डांबरी सडकेवर शेंबी घसरायची, एवढीच तिची खोड.

मी पुण्यात नोकरीला लागलो आणि शहाणा झालो. गिर्यारोहणाच्या सामानातली ॲल्युमिनियमची काठी आणली. हवी तेवढी लांब करून पिळून घट्ट करायची. अब्बांनी अंगणात तिच्यावर सारा भार टाकला. जोड सुटला, काठी स्वतःतच शिरली आणि अब्बा उंबऱ्यावर आपटले.

"अच्छा हुआ, घर में गिरा," कपाळ पुसत ते म्हणाले, "रस्ते पे गिरता तो?"

शरमेने मी चार जाणत्यांना विचारले. पिळायच्या जोडापेक्षा बाहेरून खटका दाबायचा जोड बरा. तो नीट लागला की नाही, हे डोळ्यांना दिसते. कार्बनची काठी हलकी असते, पण भार असह्य झाला की एकदम तुटते. ॲल्युमिनियमची बहुधा आधी वाकते. टोकाला सडकेसाठी रबरी टोपण, काळ्या चिखलात रुतू नये म्हणून चकती.

दुसरी काठी आणली तेव्हा हे सगळे मी अब्बांना सांगितले. वाकण्याच्या गोष्टीपाशी ते थांबले.

"अपना घर किधर झुका था रे? झुकता तो तेरी अम्मी को उठाता मैं."

त्या पहाटेनंतर आमच्या घरात अम्मीचा विषय कधी निघाला नव्हता. मी काठीचा खटका उगाच उघडत-लावत राहिलो.

त्या वर्षी उरूस पावसाळ्यात आला. अब्बा ताठ उभे राहिले, कोपर काटकोनात येईल एवढी मी काठी लांब केली. अधू पाय डावा, म्हणून काठी उजव्या हाती. इतकी वर्षे ते उलटी धरत होते. अंगणात तीनदा भार टाकून पाहिला. मग कोपऱ्यातली वेळूची लकडी उचलून माझ्या हातात दिली.

"चल. तू भी चल."