हरणीचा दात

सारंगखेड्याच्या बाजारात हरणीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. तापीच्या काठावर दत्तजयंतीला हा घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घोडं घ्यायला आलेला माणूस आधी अंगावरचे भोवरे बघतो. आमच्या मामांनीही तेच केलं. देवमण हा शुभ भोवरा आहे, खोड काही नाही, रंग कुमैत. विकणाऱ्याने ओठ वर करून दात दाखवले. पुढचे दोन दुधाचे दात पडून नवे येत होते. "अडीच पुरं," तो म्हणाला आणि मामांनी मान डोलावली. दात बघितले ते वय कळावं एवढ्याचसाठी. त्या तोंडात काही दुखत असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

दौंड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर आल्यावर पंधरा दिवसांतच मी तिच्या पाठीवर खोगीर ठेवलं. खोगीर तिने मुकाट्याने घेतलं. लगामाने मात्र रोज झगडा. कडी तोंडात गेली की जीभ बाहेर, आणि मी लगाम जरा आवळला की मान थाडकन वर. एकदा तिचं डोकं माझ्या तोंडावर आदळलं, ओठ फाटला. वस्तीवर जो तो सांगू लागला, घोडी हट्टी आहे, काटेरी लगाम घाल. एकाने तर आणूनच दिला. मी तो दोन दिवस घातला. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडाच्या फेसात रक्त दिसलं. मी लगाम काढला, खोगीर उतरवलं आणि तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिले. ते रक्त माझ्या हाताने काढलेलं होतं, हे मी आजही विसरलेले नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी तोंड उघडून धरलं आणि टॉर्च मारून मला आत बघायला लावलं. वरच्या दाढांच्या पुढे, नेमकी कडी जिथे सरकते तिथे, मक्याच्या दाण्याएवढा एक दात होता. काही घोड्यांना तो येतो, चावायला त्याचा उपयोग नसतो. लगाम ओढला की कडी त्याच्यावर घासत होती. शिवाय दुधाच्या दाढा सुटायला लागल्या होत्या, खालून नव्या येत होत्या, हिरडी सुजलेली. घोड्याचे दात बदलण्याचं हे काम अडीच वर्षांपासून साडेचार-पाच वर्षांपर्यंत चालतं, आणि आपण त्याला लगाम शिकवतो तेही नेमकं याच वर्षांत. डॉक्टरांनी तो दात काढला. सुटायला आलेली एक दाढही निघाली. निघताना त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, गुडघ्याची वाढ आता पुरी होत आलीय, पण मणके पाच-साडेपाच वर्षांपर्यंत वाढत असतात. मी सहा महिने तिच्यावर बसायचं नाही असं ठरवलं.

त्या सहा महिन्यांत मला चाचा भेटले. रेसच्या घोड्यांकडे त्यांनी उभा जन्म मोतद्दारी केली होती. आता ते मुलाकडे राहायला आले होते. त्यांनी घोडीला हात लावायच्या आधी मलाच शिकवायला घेतलं. लगामाची कडी स्वतःच्या दोन्ही मुठींत धरली, वाद्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "डोळे मिट बेटा, आता मला थांबव." मी ओढलं. ते थांबले. मी ओढतच राहिले. मग त्यांनी जोरात उलटा हिसका दिला. "मी कधीच थांबलो होतो. तू सोडलंस कुठे? मग मला कसं कळावं, तुला हेच पाहिजे होतं म्हणून?"

हा खेळ आम्ही आठवडाभर खेळलो. ते मुठी जराशा ढिल्या करायचे आणि त्याच क्षणी माझी बोटं उघडायला हवीत. मला ते जमायला चार दिवस लागले. घोडं ओढण्याने शिकत नाही, ओढ सुटते त्या क्षणाला शिकतं. उशिरा सोडलं तर ते भलतंच काहीतरी शिकून बसतं. हरणी मान फेकायची तेव्हा मी घाबरून लगाम सोडून द्यायचे. म्हणजे मान फेकली की सुटका होते, हे मीच तिला रोज शिकवलं होतं. दात निघाला, दुखणं गेलं, तरी सवय उरली. ती जायला दोन महिने लागले, नुसत्या मोरकीवर, जमिनीवरून, चार पावलं चाल आणि थांब.

हरणी पाय उचलून देत नाही, ही दुसरी तक्रार होती. ती सोपी निघाली. मी पाय उचलताना तिचा तोल दुसऱ्या बाजूला जाऊ देत नव्हते. थोडं थांबू लागले आणि आठ दिवसांत नालबंदापुढे ती शांत उभी राहिली.

पुन्हा बसायला लागले तेव्हा ती सव्वातीन वर्षांची झाली होती, आणि नवीच अडचण आली. वस्तीबाहेरच्या लिंबापाशी ती अडायची. टाच मारली तर उलटी फिरायची. मी माझाच दिवस आठवून पाहिला. रोज लिंबापाशीच वळत होते, दारात येऊन उतरत होते, आणि उतरल्या उतरल्या चंदीचा तोबरा. मग मी उलट केलं. दुडकी, वळणं, जी मेहनत ती घरासमोरच्या अंगणात. विसावा कालव्याच्या भरावावर. तिथेच उतरायचं, तंग सैल करायचा आणि दोघींनी पायी घरी यायचं. चंदी अंग निवल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने. हरभराही कमी केला. काम थोडं आणि दाणा फार, तर ती ताकद कुठून तरी बाहेर पडणारच.

कालव्याच्या लोखंडी पुलावर ती अजून पाय टाकत नाही. मी रोज पुलाच्या तोंडाशी नेते, ती वास घेते, आम्ही परत येतो.

सगळ्यात मोठं भय उसाच्या ट्रॉल्यांचं. गाळपाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणी. आवाज आला की मी लगाम आखूड धरायचे. चाचांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तिला बघू दे." घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी कपाळासमोर आणि शेपटीमागे नाही. दूरचं नीट बघायचं तर मान उंचवावी लागते, वळवावी लागते. मी मान बांधून ठेवत होते आणि ती न दिसणाऱ्या गोष्टीला भीत होती. जाताना पाहिलेली ट्रॉली परतताना दुसऱ्या बाजूने दिसली की पुन्हा बुजते, हेही मी तेव्हा शिकले. तिच्यासाठी ती नवीच असते.

गेल्या आठवड्यात एक ट्रॉली समोरून आली. मी रस्ता सोडून शेताच्या कडेला झाले आणि वाद्या सैल सोडल्या. हरणीने मान उंच केली, कान टवकारले, सगळं अंग ताठ झालं. मी मांडीखालून तिचं काळीज ऐकत होते. ट्रॉली खडखडत गेली, दुसरीही गेली. मग तिने लांब श्वास सोडला, मान खाली घातली आणि ट्रॉलीतून पडलेलं उसाचं वाढं उचललं. कडी तोंडात असतानाच ती ते चघळत राहिली, दोन्ही बाजूंच्या दाढांनी. तिचं खाऊन होईपर्यंत मी तिथेच थांबले.