लोणंद मुक्कामी पिझ्झा

शाकाहारी माणसाने प्रवासाला निघताना तिकिटाच्या आधी डबा पाहावा, अशी आमच्या घरची जुनी रीत. आजोबांच्या वेळी डब्यात दशम्या असत, वडिलांच्या वेळी पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी आली, आणि आमच्या पिढीने डबाच घरी ठेवून ‘तिथे काहीतरी मिळेलच’ एवढे एक वाक्य बरोबर घेतले. हे वाक्य मोठ्या शहरांत छान चालते. लहान गावी, आणि तेही ऐन गर्दीत, ते कसे चालते याचा अनुभव आम्ही उभयतांनी गेल्या पावसाळ्यात लोणंदला घेतला.

लोणंद खंडाळा तालुक्यात आहे. पण चिक्कीचा खंडाळा तो वेगळा, हा सातारा जिल्ह्यातला. पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी शिंदवण्याचा घाट चढते, जेजुरी, दौंडज, वाल्हे अशी स्टेशने मागे टाकते, आणि नीरा नदी ओलांडली की लोणंद येते. पुढे सालपे, आदर्की करीत ती पुन्हा घाटाला लागते. २०१९ साली इथून फलटणला रेल्वेचा फाटा फुटला आणि लोणंदला जंक्शनचा मान मिळाला. तरी गावाची खरी ओळख अजून कांद्याचीच. आधी हळवा, मागाहून गरवा, अशी पोत्यांची रास बाजारात पडते, आणि त्या बाजूने वारा आला की परगावच्या माणसाचे डोळे उगाचच भरून येतात.

वर्षातून एकदा मात्र कांदा मागे पडतो आणि माउली पुढे येतात. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी वाल्ह्याहून नीरेकाठी येते, तिथे पादुकांना स्नान घडते, आणि नदी ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो. या सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, आणि त्यांचे आरफळ हे गाव याच जिल्ह्यातले. तेव्हा सातारकरांना पालखीचे कौतुक थोडे जास्तच, आणि ते शोभतेही. तिथी कशा पडतात त्यावर लोणंदला कधी एक मुक्काम असतो, कधी दोन. इथून निघाल्यावर तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब आहे. तिथे पहिले उभे रिंगण होते. ते पाहावे म्हणून आम्ही आदल्या दिवशीच जाऊन राहिलो होतो.

संध्याकाळची समाज आरती पाहिली. हजारो टाळ वाजत असतात आणि चोपदाराने दंड वर केला की सगळे एका क्षणात थांबतात. मग त्या शांततेत कुणाचे काय हरवले, कुणाला काय सापडले, ते पुकारतात. देवाच्या आरतीआधी माणसांच्या हरवलेल्या वस्तूंची चौकशी होते, हे मला फार आवडले. आरती झाली, माणसे पांगली, आणि आम्हाला भुकेची जाणीव झाली.

आता तुम्ही म्हणाल, पालखीच्या गावात उपाशी कसला राहतोस? खरे आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पातेली वाफाळत होती. दिंड्यांच्या भिशीची जेवणे वेगळी, गावकऱ्यांचे अन्नदान वेगळे. ‘बसा माउली’ म्हणून हाताला धरून पंगतीत बसवीत होते. पण आमच्या हिने पदर खोचून नकार दिला. “आपण एक कोसही चाललो नाही. रेल्वेने आलो. चालून दमलेल्यांच्या पंक्तीला फुकट काय म्हणून बसायचे?” मध्यमवर्गीय माणसाची ही एक पीडा आहे. पैसे न देता जेवलो तर अन्न अंगी लागत नाही, आणि पैसे देऊन जेवायला गेलो तर जागा मिळत नाही.

जागा खरोखरच मिळेना. पोहे-मिसळीची दुकाने दुपारीच संपली होती, खाणावळींपुढे रांगा होत्या. हिंडता हिंडता रस्त्याच्या वळणावर निळ्या दिव्यांचे एक दुकान दिसले. पिझ्झाचे! सहा टेबले, काचेचा गल्ला, मागे विजेची भट्टी, आणि आत इतकी गर्दी की दार लावता येत नव्हते. टेबलाटेबलांवर टिळे लावलेली पोरे, कोपऱ्यात भिजल्या छत्र्या. भिंतीवर पिझ्झाचे वीस-पंचवीस प्रकार लिहिलेले होते आणि त्यांतल्या शेवटच्या पाच-सहा ओळींवर पिवळा कागद चिकटवला होता: ‘पालखीनिमित्त फक्त व्हेज.’

१९९६ साली पिझ्झाच्या दोन मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतात दुकाने उघडली, तेव्हा हे खाणे कांद्याच्या पेठेत, टाळ-मृदंगाच्या शेजारी येऊन बसेल असे कुणाला वाटले असेल? पण शाकाहाऱ्याला पिझ्झासारखा सोबती नाही. नेपल्समधल्या गरिबांचे हे खाणे. तिथला जुना ‘मारिनारा’ पिझ्झा नावाने दर्यावर्दी आहे, पण त्यात मासा नाही. टोमॅटो, लसूण, ओवाफुलासारख्या वासाचा एक पाला आणि तेल, बस. हा पिझ्झा हातांनी थापण्याच्या नेपल्सच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानाच्या यादीत घेतले. तरी परदेशात चकवे आहेतच. ‘पेपरोनी’ म्हणजे अमेरिकेत मांसाच्या चकत्या, आणि जवळजवळ तसाच उच्चार असलेला इटालियन शब्द म्हणजे साधी ढोबळी मिरची. आमचा एक भाचा अमेरिकेतून इटलीला गेला आणि दोन दिवस ढोबळ्या मिरचीला घाबरून उपाशी राहिला. उलट जे चीज तो निर्धास्त खात होता, त्या खऱ्या पार्मेझानचे दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने धरतात. आपल्याकडे २००१ पासून पाकिटावर हिरवा टिपका छापतात म्हणून बरे. चौकोनात टिपका दिसला की पुढचे प्रश्न मिटतात.

पण टिपका पाकिटावर असतो, सुरीवर नसतो. माझी नजर गल्ल्यावरच्या त्या गोल चाकाच्या कातणीवर खिळली होती. आज फक्त व्हेज, मान्य. पण हेच चाक काल कशावरून फिरले? त्या थाळ्या, ती भट्टी? विचारावे असे मनात होते आणि तोंड उघडत नव्हते.

का उघडत नव्हते, ते सांगायला हवे. ‘तुमच्याकडे वेगळे शिजवतात ना?’ हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात निव्वळ खाण्याचा राहिलेला नाही. त्याला सोवळ्याचा जुना वास येतो. स्वातंत्र्यापूर्वी आपल्या स्टेशनांवर हिंदू पाणी निराळे आणि मुसलमान पाणी निराळे मिळे. ज्या पाण्यात मांस नाही की मच्छी नाही, त्यालाही धर्म चिकटवला होता. खाणावळींच्या पाट्यांवर जात असे. आमच्या आजोबांच्या दशम्या दुधात भिजवलेल्या का असत, तर त्या वाटेत कुठेही, कुणाच्याही चुलीची मिंधी न होता खाता येत. त्यांना मांसाची भीती होती, की हाताची? मी लहानपणी हे विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी बहुधा दोन्हींत फरक केला नसता.

आणि वारीतसुद्धा हे सगळे सुटले होते असे नाही. इरावतीबाई कर्वे वारीला चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहून ठेवले, की दिंडीत एकत्र चालणारी, एकत्र अभंग म्हणणारी माणसे जेवायला बसताना मात्र ब्राह्मण एकीकडे आणि मराठे एकीकडे अशी बसत. सगळेच शाकाहारी, सगळेच आंघोळ करून जेवणारे; तरी चुली दोन. इरावतीबाईंच्या मनाला ते लागले होते. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. ही सगळी मागची वही माझ्या त्या साध्या प्रश्नाला जोडलेली होती. गल्ल्यावरच्या पोराने मला विचारले असते, “का हो, आमचा हात चालत नाही का?” तर मी काय सांगणार होतो?

“सरका की वाईच,” असा आवाज आला आणि आमच्या टेबलावर एक आजोबा आणि त्यांचा नातू येऊन बसले. जागाच नव्हती दुसरीकडे. आजोबा परभणीकडचे, पंचाहत्तरीच्या पुढचे. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, गळ्यात तुळशीची माळ. नातू बारा-तेरा वर्षांचा. पुण्यापासून तो पिझ्झाचा हट्ट धरून होता आणि लोणंदला आजोबांनी हार खाल्ली होती.

पोरगा ऑर्डर घ्यायला आला. आजोबांनी आधी माळेला हात लावला आणि भरल्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “बाबा, माळ हाय गळ्यात. कोंबडीचं हत्यार आन् आमचं हत्यार येगळं हाय का?”

मला वाटले, आता काहीतरी बिनसणार. पण पोरगा हसला. “नवं आणलंय आजोबा, सकाळीच. आन् थाळ्या आईनं रातच्याला राखेनं घासल्यात. तिच्याबी गळ्यात माळ हाय. ती घासल्याबिगर भट्टी लावूच दीना.”

“मग झ्याक,” आजोबा म्हणाले.

“कांदा चालंल का?”

“लोनंदात येऊन कांदा न्हाई म्हनू का? नवमीपातुर चालतो की.”

शहरी वाचकांसाठी सांगतो: आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, मिळेल तितके खाऊन घ्यायचे आणि मग चातुर्मासभर कांदा-लसणाला रजा द्यायची. पालखी लोणंदला असते ती आषाढीच्या दहा-अकरा दिवस आधी. म्हणजे आजोबांचा हिशेब चोख होता. अजून आठवडाभराचा कांदा त्यांच्या वाट्याला शिल्लक होता.

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. प्रश्न तोच, माझाच. पण त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा त्याला कसलाही वास आला नाही. पोराची जात, गाव, घर त्यांनी विचारले नव्हते. हत्याराची तेवढी चौकशी केली होती. माळकऱ्याचा शाकाहार हा असा. तो घराण्यातून आपोआप अंगावर पडत नाही. माणूस माळ घालतो आणि त्या दिवसापासून मांस सोडतो. कुणबी, माळी, धनगर, कोणीही. आपण शहरातले लोक शाकाहाराला चार जातींची मालमत्ता समजून बसलो आहोत, आणि तिकडे पंढरीच्या वाटेवर लाखांनी शेतकरी गेली कित्येक शतके गाजावाजा न करता तो पाळत आहेत.

त्यांचा पिझ्झा आमच्या आधी आला. आजोबांनी तो डोळ्यांपासून लांब धरून निरखला. “ही तं भाकरीच हाय. कालवन वरती थापलंय, इतकंच.” चीजची तार लांबत गेली तशी नातवाने ती बोटाभोवती गुंडाळली. आजोबांनी एक तुकडा मोडला, आणि तो तोंडाकडे न नेता आमच्या हिच्यासमोर धरला. “घ्या माउली.”

“अहो, नको, आमचा येईलच,” ही म्हणाली.

“येईल तवा येईल. तवर भूक थांबती व्हय?”

ज्या बाईने अर्ध्या तासापूर्वी पाच पंगतींना नकार दिला होता, तिने पदराला हात पुसला आणि तुकडा घेतला. तो त्यांच्या चिखलाच्या हातातून आला होता, आणि नातवाची बोटे त्याला आधीच लागून गेली होती. आमचा पिझ्झा आल्यावर त्याचेही चार वाटे झाले. चव म्हणाल तर बरी होती. पाव जरा कच्चा, तिखट सढळ, चीज भरपूर, आणि कांदा मात्र अप्रतिम. कुरकुरीत, गोडसर, कडेने किंचित जळलेला. नेपल्सच्या लोकांनी या बाबतीत लोणंदकडे शिकायला यावे.

बिलावरून थोडी ओढाताण झाली. शेवटी ज्याने त्याने आपापले दिले. आजोबांनी कमरेची पिशवी सोडून नोटा मोजल्या आणि उरलेले दोन तुकडे कागदात बांधून मागितले.

“आता कुणाला?” मी विचारले.

“आमच्या भिशीच्या आचाऱ्याला. त्यो समद्यांना घालतो, आन् मागनं उरलंसुरलं खातो.” मग ते गल्ल्यापाशी थांबून पोराला म्हणाले, “जाईतवर गार व्हईल बग. तव्यावर टाकलं तं चालंल का?”

“चालंल की,” पोरगा भट्टीत नवी थाळी सरकवता सरकवता म्हणाला, “फकस्त वरनं झाकण ठेवा, आन् आच बारीक.”