नुसती हवा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या फाउंड्रीत शिरा. खांबाला टांगलेली ती दिसतेच. निळी, वेटोळी, तोंडाला पितळी चोच आणि खटका. स्टोअरच्या वहीत ती ‘एअर होज’, पण शॉपवर तिला नावानं कोणी ओळखत नाही. ‘हवा दे’, ‘हवा मार’ एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. सहा-सात किलोचं प्रेशर पोटात घेऊन ती गप्प लोंबकळत असते आणि खटका दाबला की फिस्सकन अंगावर येते.

स्वभावानं मात्र मोठी सेवाभावी. साच्याचे दोन भाग मिटण्याआधी आत सांडलेली सुटी वाळू उडवायची, हे तिचं नेमून दिलेलं काम. तिथं चुकली तर कास्टिंगला भोकं पडतात. पण नेमून दिलेल्या कामावर थांबणाऱ्यांतली ती नव्हे. मशिनचं पॅनेल, बसायचा बाकडा, जेवणाच्या डब्याचं झाकण, गाडीची सीट, सगळीकडे हीच. आणि पाळी सुटताना तर तिच्यापुढं रांग लागते. “मामा, पाठीवर मारा की जरा!” मामा खटका दाबतात. शर्ट फुगतो, मे महिन्याच्या घामेजल्या पाठीवरून गार झोत जातो आणि काळाकुट्ट झालेला गडी दोन मिनिटांत गेटाबाहेर चारचौघांत उभा राहण्याजोगा होतो. एवढे लाड करणारं शॉपवर दुसरं कोण आहे?

खोड एकच. ती धूळ काढत नाही, धुळीची बदली करते. शर्टावरची हवेत, हवेतली शेजाऱ्याच्या नाकात. सरकारी फायलीसारखी धूळ टेबलं बदलत राहते, निकाली कधीच निघत नाही.

साधी धूळ असती तर शिंकेवर भागलं असतं. पण इथं साच्यांना वापरतात ती सिलिका वाळू. सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याकडून घाट चढून येणारी ही वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीच. तिचा अख्खा दाणा निरुपद्रवी. जड असतो, खाली पडतो. लोखंड थंड झाल्यावर साचा फोडतात, कास्टिंग ग्राइंडरवर घासतात, तेव्हा दाण्यांचं पीठ होतं. त्यातले पाच मायक्रॉनखालचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. एक मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर उतरायला वारा नसतानाही चार-पाच तास घेतो. म्हणजे पहिली पाळी स्वच्छ होऊन घरी जाते आणि तिनं झटकलेलं दुसरी पाळी ओढत बसते.

आत गेलेला कण शरीराच्या पहारेकरी पेशी गिळतात आणि स्वतःच मरतात. तिथं व्रण धरतो, मग दुसरा, तिसरा. दहा-पंधरा वर्षांनी जिना चढताना धाप लागते. बऱ्याचदा डॉक्टर क्षयाची औषधं सुरू करतात. तेही अगदीच चूक नसतं, कारण अशा फुप्फुसात क्षय लवकर घर करतो. पण मूळ दुखणं सिलिकोसिस, आणि घट्ट झालेलं फुप्फुस पुन्हा मऊ करणारं औषध नाही. 1948च्या कारखाना कायद्यानंच हा आजार सरकारला कळवण्याच्या यादीत घातला होता. अमेरिकेच्या 2016च्या नियमानं आठ तासांच्या पाळीला घनमीटर हवेत सरासरी 50 मायक्रोग्रॅम बारीक सिलिका ही मर्यादा घातली. माणूस पाळीभरात साधारण दहा घनमीटर हवा ओढतो असं धरलं, तर हिशेब होतो अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे आठ-दहा दाणे! ते एवढेसे दाणे मोजत बसायचे, आणि ही बाई एका झोतात धुळीचा ढग उठवणार. त्याच नियमात तिला आणि कोरड्या झाडूला जोडीनंच चाप लावलाय.

तिच्या जागी कोणाला आणायचं? दगडखाणीत, फरशी कापताना पाणी मारलं की धूळ बसते. फाउंड्रीत चौदाशे अंशांचं लोखंड वाहत असतं. ओतकामाच्या जवळ पाणी सांडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. म्हणून साचा फुटतो तिथंच धूळ ओढून घेणारं हूड हवं, आणि सफाईला बारीक गाळणीचा व्हॅक्यूम. हा गडी बोजड, घुम्या, चाकांवर रखडत येणारा. कोणाच्या पाठीवर झुळूक सोडणार नाही. पण गिळलेलं परत ओकत नाही, हा त्याचा मोठेपणा. मास्कचा नंबर शेवटचा. तो दाढीवर नीट बसतही नाही.

एका शॉपवर भिंतीला पाटी पाहिली होती: ‘कपड्यांवर हवा मारू नये.’ पाटीखालीच रांग. नियम कोणाला ठाऊक नव्हता असं नाही. पण पाटीनं हवा काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही. न्हाणीघर नाही, कपडे बदलायला खण नाही, पंखा नाही. मग तसाच बसमध्ये चढायचा का माणूस? आणि तेच कपडे घरी नेऊन बायकोनं अंगणात झटकायचे? नळी नेमकी तिथं मायेनं पुढं होते. तिचं सगळं वजन मालकानं न दिलेल्या गोष्टींवर उभं असतं.

आंघोळीला पाणी, घरच्या कपड्यांना वेगळा खण आणि पाठीवर पंखा एवढं मिळालं, की तिची रांग आपोआप मोडेल. मग ती पुन्हा हूडखाली, साच्याशेजारच्या आपल्या खांबावर. तिला काढून टाकायची गरज नाही. फक्त माणसांवरून तिचा हात काढायचा आहे.