मुरूम समजून

आमच्या सांगलीकडच्या वाळवा तालुक्यात रान विकत घेण्याआधी खड्डा घेतात आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते बघतात. मुरूम वरच्यावर लागला तर जमीन हलकी, ओल धरत नाही, पण पाणीही तुंबत नाही. काळी माती खोल असेल तर ऊस जोमात येतो, आणि पाटाचं पाणी बेसुमार दिलं की काही वर्षांत तेच रान चिबड होतं. मग वर पांढरी खपली धरते आणि उगवण जाते. कृष्णाकाठच्या कितीतरी घरांनी हे भोगलंय. आमच्याही एका पट्टीत पुढे जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा लागला. हे ज्ञान मला कुणी मुद्दाम दिलं नव्हतं. ते कानावर पडत पडत आलं होतं आणि म्हणूनच त्यावर माझा फार भरवसा होता.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वुस्टर काउंटीत आम्ही घर घेतलं, तेव्हा हा भरवसा मी बरोबर नेला. घरामागं टेकडीचा उतार संपतो तिथं मोकळं गवताळ रान होतं. तिथं सफरचंदाची बाग करायची, हे मी घर बघतानाच ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये खड्डा घेतला. वर वितभर काळसर भुसभुशीत माती, तिच्याखाली फूटभर करडी, मधेमधे तांबूस ठिपके असलेली, आणि दीड-दोन फुटांवर टिकाव खणकन वाजला. वर आले ते राखाडी, खरखरीत, बारीक खडे मिसळलेले चपटे ढलपे. खड्ड्यात पाण्याचा टिपूस नव्हता. मी गावी अण्णांना फोन लावला.

"मुरूम लागला का?"

"लागला अण्णा, दोन फुटांच्या आतच."

"मग काय काळजी नाही. पाणी निघून जाईल. झाडं लाव तू."

अण्णांनी माझ्या शब्दावर सल्ला दिला. चुकीचा शब्द मी दिला होता.

सांगलीचा मुरूम म्हणजे जागच्या जागी कुजलेला काळा बेसॉल्ट. त्याला भेगा असतात, सांधे असतात, त्यातून पाणी खाली उतरतं. माझ्या टिकावाखाली होतं ते हिमनदीनं आणून टाकलेलं आणि आपल्या वजनाखाली चेपलेलं द्रव्य. सुमारे 25 हजार वर्षांपूर्वी कॅनडाकडून आलेला लॉरेन्टाइड हिमस्तर इथून पुढे सरकत पार नॅन्टकेट बेटापर्यंत पोचला होता. किलोमीटरहून जाड बर्फ सरकताना खालचा ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट घासून काढत होता आणि त्याचा चुरा, म्हणजे दगडगोटे, वाळू आणि मैद्यासारखी बारीक पूड, सगळं एकत्र आपल्याच तळाशी ठासत होता. या ठासलेल्या थराला इथले शास्त्रज्ञ 'लॉजमेंट टिल' म्हणतात, जुने शेतकरी 'हार्डपॅन' म्हणतात. वाळूच्या कणांमधल्या फटी बारीक पुडीनं भरलेल्या आणि वरून हजारो टनांचा दाब. त्यामुळे त्यात मोकळी जागा फार थोडी उरते. पाणी त्यातून इतकं सावकाश उतरतं की झाडांच्या हिशेबानं ते उतरतच नाही. या भागातल्या लांबोळक्या, पाठीला बाक असलेल्या टेकड्या, ड्रमलिन, याच थराच्या आहेत. माझं घर अशाच एका टेकडीच्या पायथ्याशी आहे.

एका ढलप्यानं माझी समजूत आणखी पक्की केली. तो उन्हात चांगला वाळवून मी पाणी भरलेल्या स्टीलच्या वाटीत टाकला. कडेनं बारीक बुडबुडे सुटले, कोपरे ढासळले आणि थोड्या वेळानं वाटीच्या तळाशी वाळू, खडे आणि वर करडं गढूळ पाणी एवढंच उरलं. मला आनंद झाला. हे सिमेंटासारखं जुळलेलं नाही, पाण्यानं सुटतं, तेव्हा दोन-चार हिवाळ्यांत सैल होईल, असं मी धरून चाललो. आमची काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि आपली आपण मोकळी होते, ते डोक्यात होतंच. पण वाटीतला ढलपा सगळीकडून मोकळा होता. जमिनीतला तोच थर चहूबाजूंनी आवळलेला असतो. त्याला सुटायला जागाच नसते. या मातीत फुगणारी-आकसणारी चिकणमाती नगण्य, म्हणून भेगाही पडत नाहीत. एवढी सहस्रकं झाली, तो थर तसाच आहे.

ऑगस्टचा कोरडा खड्डा ही मात्र सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. सांगलीत जमिनीतलं पाणी पावसामागे आणि पाटामागे चालतं. इथं वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस, आणि तो बाराही महिने जवळपास सारखा वाटून पडतो. मग जमिनीतलं पाणी वरखाली का होतं? झाडांमुळे. मेपल आणि ओकला पालवी फुटली की उन्हाळाभर ती जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडत राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत वरचे दोन फूट कोरडे पडतात. ऑक्टोबरात पानं गळतात, ओढणारं कुणी राहत नाही, आणि नोव्हेंबरपासून तोच पाऊस थराच्या डोक्यावर साचायला लागतो. बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये पाणी गवताच्या मुळांपर्यंत आलेलं असतं. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात फसव्या महिन्यात मी खड्डा घेतला आणि त्याच्यावर बाग उभी केली.

कलमं एमएम 106 या खुंटावरची होती. हा खुंट पाणथळ जागी मूळकुजीला आणि खोडकुजीला लवकर बळी पडतो, हे मी नंतर वाचलं. दरम्यान मी झाडांचं भलं करायचं म्हणून थर फोडून खोल खड्डे काढले, त्यात शेणखत, कंपोस्ट आणि भुसभुशीत माती भरली. न पाझरणाऱ्या जमिनीत असा खड्डा घेणं म्हणजे रांजण पुरणं. भोवतालचं पाणी सरकत येऊन त्यात भरलं आणि तिथंच थांबलं. दुसऱ्या वसंतात पालवी आली ती पिवळट, बोटभर वाढून थांबलेली. एक झाड उपटलं तर फारसा जोर लावावाच लागला नाही. मुळं खाली गेलीच नव्हती. खड्ड्याच्या तळाला टेकून आडवी वळली होती, आणि खालची टोकं काळी, सालपट निघणारी, सडक्या अंड्याचा वास येणारी. मी त्या झाडापाशी बराच वेळ बसून होतो. स्वतःच्या हातानं शेणखत घालून मी ते मारलं होतं.

तरीही मी शिकलो नाही, चर खोदली. पाणी साचलंय तर त्याला वाट द्यावी, हे आमच्याकडचं उत्तर. भाड्याचं यंत्र आणून बागेपासून खालच्या लाल मेपलच्या झाडीपर्यंत उघडी चर नेली. बागेचा ओलावा फारसा हटला नाही, कारण पाणी माझ्या रानात पडलेलं तेवढंच नव्हतं. अख्ख्या उतारावर मुरलेलं पाणी त्या थराच्या पाठीवरून आडवं झिरपत पायथ्याला येत होतं. चरीच्या दोन्ही बाजूंचा काही फुटांचा पट्टा सुकला, बाकी तसंच. आणि ती चर जिथं सोडली, ती झाडी कायद्यानं संरक्षित पाणथळ जागा होती. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा जागेच्या कडेपासून 100 फुटांच्या आत माती हलवायची तर गावच्या संवर्धन समितीची परवानगी लागते. मी विचारलंच नव्हतं. मार्चअखेरीस त्या झाडीतल्या डबक्यावरून येणारा आवाज मला बदकांचा वाटायचा. ते रानबेडूक होते, अंडी घालायला आलेले. ते डबकं उन्हाळ्यात आटतं म्हणून त्यात मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणून बेडकांची आणि ठिपकेवाल्या सॅलॅमँडरची पिल्लं वाचतात. माझ्या चरीनं शेतातलं गढूळ पाणी त्यात जात होतं. समितीनं चर बुजवायला सांगितली, मी बुजवली. ते सांगणं रास्त होतं.

खरी गोष्ट समजली ती सेप्टिकच्या कामाला मृदापरीक्षक आल्या तेव्हा. सांडपाण्याच्या टाकीचं शोषक क्षेत्र बदलायचं होतं. त्या ऐन सप्टेंबरात, कोरड्या ठणठणीत खड्ड्यात उतरल्या, भिंत चाकूनं खरवडली, मातीची ढेकळं जराशी ओली करून रंगांच्या पुस्तकातल्या चौकोनांशेजारी धरली आणि म्हणाल्या, पाणी इथपर्यंत येतं. बोट होतं घोट्याच्या जरा वर. मी विचारलं, कशावरून? त्यांनी राखाडी माती आणि तिच्यातले गंजाच्या रंगाचे ठिपके दाखवले. माती पाण्यानं भरली की जिवाणू आतला प्राणवायू संपवतात. मग लोहाचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळून सरकतं आणि मागे फिकट राखाडी कण उरतात. जुन्या मुळाच्या पोकळीतून हवा शिरते तिथं तेच लोह पुन्हा गंजून नारिंगी डाग धरतं. पाणी उतरलं तरी डाग राहतात. माझ्या पहिल्या खड्ड्यातले 'तांबूस ठिपके' हेच होते. मी पाहिले होते, पण चिबड जमिनीची खूण म्हणून मी पांढरी खपली शोधत होतो. इथं क्षार वर येऊन बसायला वेळच मिळत नाही, पाऊस ते धुऊन नेतो. जमीन उलट आम्लधर्मी असते. खपली नाही म्हणून मी निर्धास्त राहिलो.

त्यांनीच सरकारी मृदानकाशा दाखवला. एकाच टेकडीवर, एकाच टिलवर चार नावं उतरत येतात: वर निचऱ्याची पॅक्स्टन, जी या राज्याची अधिकृत माती आहे, मधे वुडब्रिज, पायथ्याला रिजबरी, आणि डबक्याच्या कडेला व्हिटमन. मूळ द्रव्य एकच, फक्त पाणी किती काळ थांबतं त्यानुसार नाव बदलतं. माझी बाग रिजबरीवर होती. तीच झाडं शंभर-दीडशे पावलं वर चढवून लावली असती तर जगली असती. आता नवी कलमं तिथं आहेत. खाली उंच जातीच्या ब्लूबेरी लावल्यात, थोडा उंचवटा करून; आम्ल माती आणि ओले पाय त्यांना सोसतात. अण्णा अजून विचारतात, पाइप का टाकत नाहीस? मी सांगतो, तुमच्याकडे पाणी खालून वर चढत होतं आणि पाइपाला मीटर-सव्वा मीटर खोल माती होती; इथं पाणी वर अडकलेलं आहे आणि पाइप पुरायला दीड फूटच माती आहे.

या भागात मराठी कुटुंबं घर बघायला येतात ती बहुतेक उन्हाळ्यात, मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत. माझं नाव कुणाकडून तरी कळतं आणि फोन येतो. त्यांना मी सांगतो की सेप्टिक असलेलं घर असेल तर गावच्या आरोग्य मंडळाकडे त्याची फाइल असते, तिच्यात मूळ आराखडा आणि खड्ड्याची नोंद मागून घ्या. तिच्यावर भूजलाची अपेक्षित पातळी असते. शोषक क्षेत्र तिच्यापासून निदान 4 फूट वर ठेवावं लागतं, म्हणून ती काळजीपूर्वक काढलेली असते. आमच्या घराच्या कागदांतही ती नोंद होती. परीक्षक गेल्यावर मी फाइल काढून बघितली. ज्या कोपऱ्यात मी बाग लावली, तिथं आधीच्या मालकानं एक खड्डा घेऊन नापास करवून घेतला होता, आणि शेऱ्यात राखाडी डागांची खोली लिहिली होती: 14 इंच.