रुमालाखालचा सौदा

आपल्या जिल्ह्यात बैलांचं वर्ष पाडव्याला नाही, दसऱ्याच्या आसपास सुरू होतं. मुकादमाकडून उचल मिळाली की गाडी घेऊन ऊसतोडीला जाणारा माणूस बैलजोडी बघायला निघतो. कारखाने बंद होऊन बिऱ्हाडं गावाकडं परतली की त्यातलीच कितीतरी जनावरं पुन्हा बाजारात उभी राहतात. कुणाला उचल फेडायची असते, कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाकडं उन्हाळ्यापुरता चाराच नसतो. हिरापूर, नेकनूरच्या बाजारांचं नाव या जोरावर जिल्ह्याबाहेर गेलंय.

बातमीदारी करताना मी या बाजारांत खूप फिरलो. तिथं भाव मोठ्यानं सांगत नाहीत. जनावराचे दात बघतात, दोन दाती, चार दाती की जुळलेला ते ठरवतात, चालवून बघतात, आणि मग दोघांचे हात रुमालाखाली जातात. बोटं धरायची, सोडायची, मान हलवायची. आकडा शेकड्यातला की हजारातला हे दोघांनाच ठाऊक. सौदा मोडला तरी पुढच्या गिऱ्हाइकाला कळत नाही की आधीच्यानं किती कमी मागितलं होतं. अडलेल्या शेतकऱ्याची लाज आणि भाव दोन्ही झाकले जातात. यात फसवणूकही होते, हे नाकारत नाही. म्हणून तर शेतमालाच्या बाजारात हत्ता पद्धत बंद करून उघड लिलाव आला. पण जनावरांच्या बाजारात रुमाल टिकला.

काशगर नावाचं शहर चीनच्या पश्चिम टोकाला आहे. तिथं उईघुर लोकांचा जनावरांचा बाजार रविवारी भरायचा, त्याबद्दल वाचत होतो. मेंढ्या, गाढवं, उंट, आणि व्यापारी एकमेकांच्या बाहीत हात घालून बोटांनी भाव ठरवणारे! रुमालाऐवजी अंगरख्याची बाही, एवढाच फरक. 'बाजार', 'जनावर', 'रुमाल' हे आपले रोजचे शब्द फारसीतून आलेत, आणि ताजिकिस्तानातली ताजिक भाषा फारसीचंच एक रूप आहे. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या बीडला हे शब्द परके वाटायचं कारण नाही.

बैलबाजार म्हणजे फक्त बैल नसतात. नालबंद बैलाला पाडून पाय बांधतो आणि पत्र्या ठोकतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, चार पायांना आठ. डांबरी रस्त्यावर उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाला पत्रीशिवाय चालताच येत नाही. दावी, कासरे, म्होरक्या वळण्याचं काम मातंग समाजातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. आता नायलॉननं त्यांचा निम्मा धंदा खाल्ला. घुंगरमाळा, झुली, शिंगांचा रंग विकणारे पोळ्याच्या आधी दिसतात. चहा-भज्याची पालं वेगळीच. विकणारा बहुतेक शेतकरी, घेणारा कधी शेतकरी, कधी कुरेशी व्यापारी. कुणाची जात-धर्म कुणाला माहीत नसतो असं नाही, पण हात रुमालाखाली गेला की बोटंच बोलतात.

हे चक्र अडलंय, आणि त्याबद्दल बोलायचं आहे. विधिमंडळानं 1995 साली मंजूर केलेल्या विधेयकाला 2015 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल, वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. कायदा आहे, तो पाळलाच पाहिजे. पण रस्त्यात गाडी अडवून कायदा 'राबवणारे' वेगळेच निघाले. शेतीसाठी जोडी नेणाराही घाबरू लागला. 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी समाजानं जनावरांची खरेदीच बंद ठेवली, तेव्हा शेतकऱ्यांच्याच संघटना ओरडल्या. कारण साधं आहे. थकलेला बैल विकला नाही तर तरणा बैल घ्यायला पैसा कुठून येणार? बाजारात जनावर कमी आलं की नालबंद रिकामा, दोरवाला रिकामा, पालवाला रिकामा.

पुन्हा काशगरकडं येतो. त्या भागातलं यंगीसार गाव सुऱ्यांसाठी प्रसिद्ध. आपलं बीडही एकेकाळी चामड्याच्या छागलींसाठी आणि काठीत लपवलेल्या गुप्तीसाठी ओळखलं जायचं. तिथल्या सरकारनं सुऱ्यांवर घेणाऱ्याच्या ओळखीचा कोड कोरायला लावला. 2017 नंतर तर लाखो उईघुरांना छावण्यांत डांबलं. आपल्याकडची परिस्थिती तशी आहे असं मी म्हणत नाही, तो अत्याचार फार मोठा आहे. पण एक गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे. वस्तूवर नंबर आला की तो कुणाच्या कामाला येतो हे बघावं लागतं.

आपल्या जनावरांच्या कानातही आता 12 अंकी बिल्ला आहे. तो मालकाच्या कामाला यावा. बिल्ला, बाजाराची पावती आणि वाहतुकीची कागदपत्रं बरोबर असतील तर गाडी तपासायचा अधिकार फक्त पोलिसांचा, हे प्रशासनानं लेखी आणि जाहीर सांगावं. प्रत्येक बाजाराच्या फाटकावर त्याचा फलक लावावा, खाली पोलीस ठाण्याचा नंबर टाकावा. यात कुठलाही कायदा मोडत नाही आणि फार खर्चही नाही.

दुसरं म्हणजे, जिल्ह्यातल्या एका बाजारात मी भर उन्हात फिरलो. हौदात पाणी नव्हतं, सावलीला शेड नव्हतं, बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. प्रत्येक जनावरामागं पैसे मात्र घेतले जात होते. तो पैसा जातो कुठं, हे विचारायचा हक्क आपल्या सगळ्यांना आहे.

तुमच्या भागातल्या बाजारात काय स्थिती आहे, ते खाली लिहा. जनावर विकायला किंवा घ्यायला गेलेल्यांनी तर नक्की लिहा. आकडे आणि अनुभव एकत्र करून निवेदन द्यायचा विचार आहे.